कर्लीच्या खाडीवरचे दुसरे दाते

धनादेश पाठवून भागले असते, असे आम्हाला तीन जणांनी सांगितले. तिघेही हितचिंतक होते आणि तिघांचेही म्हणणे हिशेबाने बरोबर होते. सांगलीहून मालवणच्या बाजूला जायचे, चार दिवस रजा काढायची, दोघांचे भाडे घालायचे आणि एका शाळेला एक होडी देऊन परत यायचे, यात पोस्टाने होणार नाही असे काही दिसत नव्हते. तरी आम्ही गेलो. २००३ साली, दिवाळी आटोपल्यावर. तेथे काय झाले ते जे गेले नाहीत त्यांच्यासाठी, आणि त्या तीन हितचिंतकांसाठीही, लिहून ठेवतो.

आधी थोडे घरचे सांगावे लागेल. आमच्या लग्नात आलेल्या आहेरातला निम्मा भाग नलिनीने, म्हणजे माझ्या पत्नीने, बाजूला काढला आणि त्यातून तिच्या माहेरच्या शाळेत पाण्याची टाकी व दोन नळ बसवले. मी तेव्हा काही बोललो नाही, कारण नवा होतो. पण त्या शाळेत जाऊन मुले नळाला तोंड लावून पाणी पिताना पाहिली, आणि पुढच्या वर्षी मीच विचारले, यंदा काय? तेव्हापासून बावीस वर्षे दरवर्षी एक काम होते. नियम दोन. देण्यापूर्वी दोघांनी जागेवर जाऊन पाहायचे. आणि दोघांपैकी एकाने ‘नाही’ म्हटले तर विषय संपला, कारण विचारायचे नाही. रकमा येथे लिहीत नाही. त्यांचा या हकिकतीशी संबंध नाही.

कुडाळ

कुडाळला आम्हाला घ्यायला फर्नांडिस बाई आल्या होत्या. होडीसाठी पत्र त्यांचेच. कर्लीच्या खाडीकाठच्या हायस्कुलात त्या अकरा वर्षे गणित शिकवतात. वय पंचेचाळीसच्या आसपास, यजमान जहाजावर, भाऊ गोव्यात. बाजाराचा दिवस होता, तेव्हा आम्हाला स्टँडवर सोडून त्या ‘पाच मिनिटांत’ म्हणून गेल्या आणि सव्वीस मिनिटांनी सुक्या बांगड्यांची जुडी, केळफूल आणि दोन नारळ घेऊन आल्या. आमच्याकडे नारळ विकत घेतात यात नवल नाही, पण माडांच्या गावातल्या बाईने नारळ विकत घ्यावा याचे मला नवल वाटले. तसे विचारल्यावर त्या म्हणाल्या, “माझे नारळ अजून माडावरच आहेत. पाडेकरी ते उतरवायला कालच येणार होता. तो नेहमी कालच येणार असतो.”

त्यांचे घर खाडीच्या अलीकडे, शाळेपासून हाकेच्या अंतरावर. अंगणात तुळशीवृंदावनासारख्याच चौथऱ्यावर क्रूस, भोवती झेंडू. नलिनीने चपला काढून त्याला नमस्कार केला, आणि बाईंनी तिला घरात नेऊन आधी चुलीजवळ बसवले.

जेवायला उकड्या तांदळाचा भात, बांगड्याचे तिखले आणि सोलकढी होती. आमच्या घरी ताटात जे वाढले ते खायचे अशी शिस्त आहे, म्हणून तिखल्यातली हिरवट काळी बोरासारखी फळे मी निमूटपणे चावली. तिसऱ्या फळाला जीभ गेली. गेली म्हणजे जाग्यावर होती, पण माझ्या ताब्यात नव्हती. ओठांना मुंग्या, डोळ्यांना पाणी.

“अहो, तिरफळं खाल्लीत?” बाई ओरडल्या. “ती वासापुरती असतात! बाजूला काढायची!”

नलिनी म्हणाली, “त्यांना उतारा सांगू नका. तास दीड तास गप्प राहतील, बरं वाटेल मला.”

त्या मोकळ्या वेळात बाईंनी आकडे सांगितले. खाडीपलीकडच्या वाडीत सेहेचाळीस घरे आहेत. तिथून एकतीस मुले या शाळेत येतात. पुलावरून रस्त्याने यायचे तर एकोणीस किलोमीटर, आणि त्या वेळेला गाडी नाही. म्हणून तरीने येतात. तर म्हणजे खाडी ओलांडायची होडी. एक लाकडी होडी, ती चालवणारी एक बाई, एका वेळी आठ मुले. आधीच्या फेऱ्यांतून मासळी विकणाऱ्या बायका टोपल्या घेऊन नऊच्या गाडीला जातात, त्यामुळे मुलांची पहिली फेरी नऊ वीसला सुटते. शेवटची सात मुले वर्गात येतात तोवर पहिला तास निम्म्याहून अधिक झालेला असतो.

“आणि पहिला तास गणिताचा,” बाई म्हणाल्या. “पण ते सोडा. पावसाळ्यात ओढ वाढते. एकट्या बाईला होडी धरवत नाही, मग तर बंद. गेल्या पावसात शाळेचे सतरा दिवस बंद होती. आठवीतल्या दोघी तेव्हा घरी बसल्या, त्या परत आल्याच नाहीत.”

हेच पत्रात होते. म्हणून ठरले होते की फायबरची मोठी होडी, तिला मशीन, आणि ती चालवायला शाळा समिती एक माणूस नेमेल. जून उजाडण्यापूर्वी होडी पाण्यात हवी होती.

दानपत्र मी सांगलीहून टाइप करून आणले होते. त्यातली चौथी अट मला सर्वांत महत्त्वाची वाटत होती: ‘सदर होडीतून ने-आण करण्याबद्दल गावातील कोणाकडूनही, कोणत्याही रूपात, काहीही घेतले जाऊ नये.’ एके ठिकाणी आम्ही बसवून दिलेल्या नळावर वर्षभरात कोणीतरी कुलूप लावून पैसे घेऊ लागले होते. तेव्हापासून ही अट मी प्रत्येक कागदात घालतो.

तरीवर

दुसऱ्या दिवशी सकाळी आठलाच धक्क्यावर गेलो. धक्का म्हणजे जांभ्या दगडाच्या पाच पायऱ्या. पाचवी संपली की पाणी असायला हवे होते, पण पाणी तिथून तीसेक फूट मागे सरले होते आणि मध्ये काळा, चकचकीत चिखल. पलीकडच्या काठाला माडांची रांग आणि तिच्यामागून निघणारा चुलींचा धूर. पाणी इतके स्थिर की ते वाहते की नाही हे मला, पाटबंधारे खात्यात सव्वीस वर्षे काढून, सांगता येईना.

होडी येताना दिसली. मागे उभी राहून एक काटकुळी बाई बांबू रोवत होती, काष्टा घातलेला, पदर कमरेला. मी पुढे झालो. दुसऱ्या पावलाला उजवा पाय गुडघ्यापर्यंत आत गेला आणि तिसरे पाऊल उरलेच नाही.

“ओ दादा! थय नको! हय, हय दगडार पाय घाला!” ती बाई पाण्यातूनच ओरडली. मग उतरली, बांबू माझ्या हातात दिला, काखेत हात घातला आणि मला उपटले. उपटले हाच शब्द बरोबर आहे. चप्पल खाली राहिली. तिने कोपरापर्यंत हात घालून तीही काढली, पाण्यात हिसळली आणि माझ्यासमोर ठेवली.

“खंयसून इलास?”

“सांगलीहून.”

“थय नदी आसा मां? मगे चिखलात चालूक कसा येणा नाय?”

“आमच्याकडे नदीत चिखलातून नेत नाहीत,” मी म्हणालो. “पूर आला की गुळाच्या काहिलीत बसवून नेतात.”

“गुळाच्या?” ती हसायला लागली. “ऐकलास गो बायांनो? हेंका गुळातसून व्हरतत, म्हणान चिखल सोसणा नाय!” टोपल्या उतरवणाऱ्या चारही बायका हसल्या. नलिनी सर्वांत जास्त.

ही भागीरथीबाई. वय अठ्ठावन्न, असे तिने अंदाजाने सांगितले. पुढचे अडीच तास आम्ही तिच्या होडीत बसून होतो. मी घड्याळ लावून नोंदी केल्या. मुले घेऊन येताना अकरा मिनिटे, रिकामी जाताना नऊ, चढण्या-उतरण्याला पाच. मुले आठ, आठ, आठ आणि सात. बाईंचा आकडा बरोबर होता. शेवटची सात दहा एक्कावन्नला उतरली आणि चिखलातून, मी जिथे रुतलो तिथूनच, पळत गेली.

“रोज हीच वेळ?” मी विचारले.

“खाडी घड्याळ बगता काय? आज सुकती आसा म्हणान बांबू लागता. भरतीक वल्ही मारूची लागतत. रोजची वेळ येगळी.”

मी मशीनसाठी केलेले वेळापत्रक खिशात होते. ते मी बाहेर काढले नाही.

मुले गेल्यावर ती होडीच्या काठावर बसली, पानाची चंची सोडली, नलिनीला पान दिले. मग म्हणाली, “तुमी ती होडी देवक इलेली माणसां मां?”

मला बरे वाटले. मी म्हणालो, “हो. आणि कागदात स्पष्ट लिहिले आहे, मुलांकडून काय, कोणाकडूनच काही घ्यायचे नाही. कायमचे फुकट.”

तिचा हात चुन्याच्या डबीवर थांबला.

“पोरांचा मी घेतंय असा कोणी सांगल्यान तुमका?”

मी काही उत्तर देण्याआधी ती बोलू लागली. मोठ्याने नाही. हायस्कूल झाले त्या वर्षी तिच्या नवऱ्याने आणि तिने ठरवले की शाळेच्या पोरांचे घ्यायचे नाही. पाहुण्याकडून घेत, व्यापाऱ्याकडून घेत. वाडीतल्या घरांकडून रोजचे काहीच नाही, पण भात झोडले की घरटी एक कुडव भात तरीला येई, अजून येते. कुडव हे तिकडचे भात मोजायचे माप. त्यावर तिचे वर्ष निघते. नवरा आठ वर्षांपूर्वी तापाने गेला. बाराव्यानंतर तिने बांबू उचलला.

“माणसां म्हणाली, बायल माणूस तर कशी चालयतली? मी म्हटलंय, पोरां शाळेत कशी जातली ता सांगा. कोण बोलूक नाय.” तिने पान तोंडात घातले. “आता मशीन इला, फुकट झाला, की भात कोण देतलो? देव नयेत. तेंका नावां ठेवणंय नाय मी. चेडवाच्या, माझ्या लेकीच्या, घराक ऱ्हवान दोन घास मेळतले माका. पण एक सांगा, दादा. तुमी देतास, ता बरा. तुमी देवक लागलास म्हणान मी देवचा बंद करूचा काय?”

मी वही उघडून घरटी एक कुडव म्हणजे एकूण किती होते ते मांडू लागलो. नलिनीने वही माझ्या हातातून घेतली आणि मिटली.

फर्नांडिस बाईंच्या खळ्यात

दुपारी आम्ही भांडलो. पाहुण्यांच्या घरी भांडू नये हे आम्हा दोघांनाही मान्य आहे, पण दुसऱ्या दिवशी दुपारची परतीची गाडी होती आणि वेळ नव्हता.

माझे म्हणणे सरळ होते. बाईचे नुकसान होऊ नये हे खरे, तिला काही वेगळे देता येईल, महिन्याचे काही बांधता येईल. पण एका बाजूला एकतीस मुले आणि दुसऱ्या बाजूला एक व्यक्ती असेल तर निर्णय अवघड नसतो.

“तिला महिन्याचं बांधून देणार?” नलिनी म्हणाली. “म्हणजे देणारी होती तिला घेणारी करणार.”

“मग मुलांनी पावसात घरी बसायचं?”

“तसं मी कुठे म्हणाले? तुम्ही तिला मुलांच्या समोरच्या बाजूला का मांडता? ती त्यांच्याच बाजूची आहे. आपल्या आधीपासून आहे.”

फर्नांडिस बाई सुपात तांदूळ घेऊन बसल्या होत्या. बराच वेळ त्या एकच मूठ निवडत होत्या. मग म्हणाल्या, “चूक माझी आहे. पत्रात मी हे लिहिलंच नाही. मी घरं फिरायला पलीकडे जाते तेव्हा माझंसुद्धा ती घेत नाही. रोज समोर होतं ना, तर लिहायचं सुचलंच नाही.” त्यांचा आवाज बदलला. “पण अण्णा, वहिनी, होडी नाही मिळाली तर जूनमध्ये आणखी दोघी-तिघी घरी बसतील. त्यांची नावं मी आत्ता सांगू शकते.”

नलिनी उठून त्यांच्याजवळ बसली, सुपातला अर्धा भाग आपल्याकडे ओढला. मग माझ्याकडे पाहून म्हणाली, “चौथी अट असेल, तर माझं ‘नाही’. आणि तिला विचारल्याशिवाय नुसती अट काढलीत, तरी ‘नाही’. तिनं ‘हो’ म्हटलं तर माझं ‘हो’.”

नियमाप्रमाणे विषय तेथे संपला. बावीस वर्षांत हा चौथा नकार. पहिले तिन्ही ऐकून मी स्वस्थ झोपलो होतो.

पुन्हा तरीवर

तिसऱ्या दिवशी सकाळीही सुकतीच होती. पाणी पायऱ्यांपासून तसेच मागे होते, पण आता पाय कुठे ठेवायचा ते मला ठाऊक होते. मुले गेल्यावर आम्ही तिघे, म्हणजे नलिनी, मी आणि फर्नांडिस बाई, तिच्यासमोर पायरीवर बसलो. सुट्टीचा अर्ज देऊन बाई आल्या होत्या. मी प्रस्तावना करणार होतो, पण नलिनीने मला सांगून ठेवले होते की सरळ विचारा.

“भागीरथीबाई, काल माझे चुकले,” मी म्हणालो. “मी ती अट काढतो. पण पावसात पोरे अडकतात, त्याचे काय करायचे ते तुम्ही सांगा. तुम्ही सांगाल तसे करू.”

तिने हातातला बांबू आडवा ठेवला. “मशीनार कोण उभो ऱ्हवतलो?”

“समिती एक माणूस नेमणार आहे.”

“तो पगार घेतलो. पगार चुकलो की तर बंद.” ती फर्नांडिस बाईंकडे वळली. “बाई, इतक्या वर्सात माझी तर माझ्यासाठी कधी बंद होती? सांगा हेंका.”

“ओढीसाठी होती. तुझ्यासाठी एक दिस नाय,” बाई म्हणाल्या.

“मगे मशीनार मी ऱ्हवतलंय.”

“तुम्हाला मशीन चालवायला जमेल?” हे मी विचारले. विचारायला नको होते.

“माका विचारतास? काल चिखलातसून वर कोणी काढल्यान तुमका?”

नलिनीने पदर तोंडाला लावला.

“शिकतंय मी,” भागीरथीबाई म्हणाली. “मशीन म्हणजे काय वाघ आसा? पावसात माझा चेडू येतला वांगडा, तेचा घर हयच आसा. दोघी जणी आसलो की ओढ काय करतली? पण एक. शाळेच्या पोरांचा देणा ता माझाच. कागदात तसा लिवा. होडी तुमची, व्हरूचा माझा. आनी वाडयेन भात देवचा काय नाय ता वाडी बगात, तुमी तेत पडू नकात.”

तिची योजना समितीच्या योजनेपेक्षा भक्कम होती. माणूस नेमण्याची, त्याच्या रजेची, बदलीची सगळी गुंतागुंत तिच्यात नव्हती. हे मला काल सुचायला हवे होते. मोठी होडी झाली म्हणजे एका फेरीत सोळा मुले, दोन फेऱ्यांत सगळी, आणि मशीनने अकराऐवजी फार तर चार मिनिटे. पहिला तास सगळ्यांना मिळणार होता.

फर्नांडिस बाई समितीकडे गेल्या आणि दीड तासाने घामाघूम होऊन आल्या. अध्यक्षांनी एकच शंका काढली होती, बाई थकल्यावर काय? “मी सांगितलं, ती थकल्यावर तिची मुलगी. आणि तुम्ही थकल्यावर कोण, ते ठरलंय का?” बाईंनी पाण्याचा तांब्या एका दमात संपवला. समितीने मान्य केले.

शाळेच्या टाइपरायटरवर मी नवा कागद केला. चौथी अट गेली. तिच्या जागी लिहिले की या तरीवर शाळेच्या मुलांना विनामोबदला नेण्याची रीत पूर्वीपासून आहे, तीच पुढे चालेल. खाली दात्यांची नावे लिहिताना मी थांबलो, नलिनीकडे पाहिले, आणि आमच्या दोघांच्या नावांच्या वर दोन ओळी मोकळ्या सोडल्या.

तो कागद धक्क्यावर आणून फर्नांडिस बाईंनी तिला वाचून दाखवला, एकदा माझ्या भाषेत आणि एकदा तिच्या. पहिल्या ओळीत तिचे नाव होते. दुसरीसाठी मी तिच्या यजमानांचे नाव विचारले. तिने मान हलवली.

“तेंचा नाव माझ्या तोंडान नको. बाई सांगतीत.”

बाईंनी सांगितले. मी लिहिले.

तिला सही येत नव्हती. बाईंनी शाळेचा शाईचा पॅड पुढे केला. आठ वर्षे मुलांना शाळेत पोचवणाऱ्या त्या हाताचा डावा अंगठा तिने पॅडवर टेकला आणि आपल्या नावासमोर उमटवला, नीट, एकदाच. मला वाटले झाले. मी कागद उचलायला हात पुढे केला.

“थांबा मां,” ती म्हणाली. उजवा अंगठा तिने पदराला कोरडा पुसला, शाईत बुडवला आणि दुसऱ्या ओळीसमोर, नवऱ्याच्या नावापुढे, तितकाच नीट टेकवला.

मी म्हणालो, “भागीरथीबाई, अंगठा एकच लागतो.”

“एक माझो,” ती म्हणाली. “ह्यो तेंचो. तेंका सोडून मी एकल्यान कधी काय दिलला नाय.”

मग ती खाडीत हात धुवायला खाली गेली.

माझे आयुष्य मोजमापाच्या वह्या तपासण्यात गेले आहे. खोटी सही, मागाहून घातलेली तारीख, दुसऱ्याच्या नावाचा अंगठा, यांवर मी लाल रेघ मारतो आणि कोणाचे ऐकत नाही. मेलेल्या माणसाच्या वतीने उमटवलेला अंगठा कोणत्याही कार्यालयात चालणार नाही. फर्नांडिस बाईंनाही ते माहीत होते. त्या माझ्याकडे पाहत होत्या. नलिनीने सही केली आणि पेन माझ्याकडे दिले.

मी तिच्या खाली सही केली. मग चारही नावांखाली, कचेरीत रोज लिहितो त्याच अक्षरात, लिहिले: तपासले, बरोबर आहे.